साखर, मीठ आणि पाणी
(बनगावच्या छावणीतल्या डॉक्टरांचा अनुभव आणि आपल्या कोप्यांवरची जलसंजीवनी)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याची निगा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या याच गोष्टी लिहितो. या खेपेला विषय निराळा आहे, पण अगदीच परका नाही. आपल्या उसाची साखर होते आणि ती चहात, लाडवात, सणासुदीला कामी येते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण हीच साखर मीठ आणि पाण्याच्या संगतीने औषधाचे काम करते, आणि गेल्या पन्नास वर्षांत या औषधाने जगभर कोट्यवधी जीव वाचवले आहेत, ही हकीगत आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

ती सांगायचे कारणही आहे. मृगाचा पाऊस झाला, विहिरी-ओढ्यांना नवे पाणी आले की वाड्या-वस्त्यांवर जुलाब-उलट्यांची साथ हटकून डोके वर काढते. पुढे गाळप हंगाम सुरू झाला की आपल्याच शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. तिथली लहान लेकरे मिळेल ते पाणी पितात. 'गॅस्ट्रो झाला' असा निरोप येतो तेव्हा बहुतेक वेळा अर्धा दिवस वाया गेलेला असतो. हा अर्धा दिवसच महत्त्वाचा. त्या वेळात घरातल्या किंवा कोपीवरच्या माणसाने काय करायचे, हे काही डॉक्टरांनी फार कठीण प्रसंगात शोधले, आणि आपला अनुभव आकड्यांनिशी लिहून जगापुढे ठेवला. तो अनुभव आपण समजून घेऊ.

माणूस दगावतो तो कशाने?

कॉलऱ्याला आपली जुनी माणसे पटकी म्हणत. गावाच्या वेशीवर मरीआईचे ठाणे दिसते ते या रोगाच्या धास्तीचीच खूण होय. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला असे.

रोगाचे जंतू घाणेरड्या पाण्यातून पोटात जातात आणि आतड्यात एक विष सोडतात. हे विष कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने दाखवून दिले. या विषामुळे आतडे उलटे चालू लागते. अन्नातले पाणी शरीरात ओढून घ्यायचे सोडून शरीरातलेच पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागते. जोराच्या कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. रक्त दाट होते, नाडी क्षीण होते, लघवी थांबते आणि माणूस हातातून जातो. म्हणजे त्याला मारते ते पाण्याचे संपणे. साध्या गॅस्ट्रोतही हाच प्रकार असतो, फक्त वेग कमी. पण लहान मुलाच्या अंगात मुळात पाण्याचा साठाच लहान, म्हणून ते लवकर गळते.

उभ्या उसाने पाण्याच्या ताणाने माना टाकल्या तर आपण आधी कीड शोधत बसत नाही, आधी पाणी सोडतो. इथेही नियम तोच आहे. पहिले पाणी, मग बाकीचे.

पाणी शिरेतून द्यायचे, म्हणजे सलाईन लावायचे, हा उपाय जुना आहे. स्कॉटलंडच्या डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ साली कॉलऱ्याच्या रोग्यांना शिरेतून क्षाराचे पाणी दिले होते. उपाय उत्तम. पण त्याला निर्जंतुक बाटली हवी, सुई-नळी हवी आणि शीर शोधणारा शिकलेला हात हवा. चार रोगी असले तर जमते. चार हजार एकदम आले तर तिन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात.

दोन बैलांची जोडी

मग कोणी विचारील की तोंडानेच भरपूर पाणी का पाजू नये? पाजून पाहिले होते. पण नुसते पाणी आतड्यातून तसेच खाली जाते आणि शरीराला फारसे लागत नाही. नुसते मिठाचे पाणी दिले तरी तेच.

इथे साखरेचे काम येते. आतड्याच्या अस्तरात एक असे दार आहे की ते एकट्या मिठाला उघडत नाही आणि एकट्या साखरेलाही उघडत नाही. दोघे जोडीने आले तरच उघडते, आणि त्या जोडीमागोमाग पाणीही आत ओढले जाते. बैलगाडीला एकच बैल जुंपला तर भरली गाडी हलत नाही. जोडी जुंपली की तीच गाडी चाकोरीला लागते. मीठ आणि साखर ही इथली बैलजोडी, आणि पाणी हा गाडीतला माल. या दाराची कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. विशेष म्हणजे कॉलऱ्याच्या विषाने आतड्याच्या बाकी कामाचा घोळ झाला तरी हे दार शाबूत राहते. जुलाब चालू असतानाही त्या दारातून पाणी आत जाते.

या जोडीतली साखर म्हणजे खरे तर ग्लुकोज. आपली उसाची साखर पोटात गेली की फुटते आणि तिचे निम्मे ग्लुकोज होते. म्हणून घरच्या साखरेवरही काम भागते.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. साखर जास्त घातली म्हणजे गुण जास्त येईल असा हिशेब करू नये. बुंध्याजवळ युरियाचा ढीग टाकला तर रोप तरारत नाही, उलट करपते, कारण मुळातले पाणीच बाहेर ओढले जाते. फार गोड पाणी आतड्यात गेले तर तसेच होते, ते अंगातले पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढवते. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला त्याहून मोठा धोका. प्रमाण हाच या औषधाचा जीव आहे.

सांगितले, पण कोणी ऐकले नाही

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच कॉलऱ्याच्या १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. हे रोगी अगदी अत्यवस्थ नव्हते, आणि किती पाणी आत गेले, किती बाहेर आले याचे माप त्या लेखात नव्हते. वैद्यक जगताने तिकडे लक्ष दिले नाही. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याने नवी पद्धत करून एकरी भरघोस ऊस काढला, पण वजनाच्या पावत्या आणि खर्चाचा हिशेब ठेवला नाही, तर शेजारी मान डोलावतो आणि आपली जुनीच रीत चालवतो. तसेच झाले.

पुढे १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी तिथल्या सहकाऱ्यांना घेऊन हे माप काटेकोर ठेवले. जितके बाहेर जाईल तितके तोंडाने आत घालायचे, हा त्यांचा नियम. मोठ्या माणसांत शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी दाखवले. तरी हे सगळे इस्पितळाच्या आत, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली. चिखलात, गर्दीत, अडाणी समजल्या गेलेल्या माणसांच्या हातून हे होईल, असे कोणी म्हणत नव्हते.

बनगाव, १९७१

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तली सुरू केल्या आणि लोक जीव मुठीत धरून भारतात येऊ लागले. त्या वर्षअखेरपर्यंत हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. पश्चिम बंगालच्या सरहद्दीवर, कलकत्त्यापासून ७०-८० किलोमीटरवर बनगाव हे गाव आहे. तिथे छावण्या पडल्या. पावसाळा तोंडावर, माणसे उपाशी, पाणी गढूळ. कॉलरा पसरला.

जूनच्या अखेरीस तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांना पाठवण्यात आले. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ. कलकत्ता व इंग्लंडमध्ये शिकलेले, आणि अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातील केंद्रात तोंडाने द्यायच्या याच पाण्यावर काम करत असलेले. बनगावच्या इस्पितळातल्या कॉलऱ्याच्या दोन खोल्या रोग्यांनी भरून वाहत होत्या. लोक जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचे तर त्यांच्या उलट्या-जुलाबात गुडघे टेकून बसावे लागे. डॉक्टरांनी पुढे हा अनुभव सांगताना म्हटले आहे की पोहोचल्यापासून दोन दिवसांतच ही लढाई हरत चालल्याचे त्यांच्या ध्यानात आले. सलाईनच्या बाटल्या पुरत नव्हत्या, आणि त्यांच्या पथकात सलाईन लावता येणारी माणसे दोनच होती.

अशा वेळी दोन वाटा असतात. वरून बाटल्या येतील म्हणून वाट पाहायची, किंवा हाताशी आहे त्यात काम करायचे. डॉ. महालनबीस यांनी दुसरी वाट धरली. कलकत्त्याच्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत वजनकाटे मांडले. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, या हिशेबाने मिश्रण तोलायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचे, आणि गरम इस्त्रीने तोंड बंद करायचे. पिशव्या गाडीतून बनगावला जात. तिथे नळ बसवलेल्या पिंपांत ते पाणी तयार होई.

पुढचा निर्णय आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. हे पाणी पाजायचे काम त्यांनी रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. आई, बहीण, नवरा, जो कोणी जवळ असेल त्याने पेला घेऊन पिंपाशी यायचे आणि आपल्या माणसाला पाजत राहायचे. अगदी अत्यवस्थ रोग्यांना असेल तेवढे सलाईन द्यायचे आणि पिता येऊ लागले की त्यांनाही याच पाण्यावर आणायचे. लोकांना बाटलीतले सलाईन म्हणजेच खरे औषध असे वाटे, म्हणून या पाण्याला 'तोंडाने घ्यायचे सलाईन' असे नाव दिले. नावामुळे विश्वास बसला. पुढे गुण दिसू लागल्यावर सांगावे लागले नाही.

आठ आठवड्यांत सुमारे ३७०० रोग्यांवर असा उपचार झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. आधी ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. शंभरातली तीस माणसे जात होती, ती चारावर आली. सभासद बंधूंनो, हे काम इमारतीने केले नाही, यंत्राने केले नाही. तोललेल्या पुडीने आणि जवळच्या माणसाच्या हाताने केले.

लिहून ठेवल्याचा फायदा

त्या धामधुमीतही डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या होत्या. निम्म्यांना पाणी द्यायचे आणि निम्म्यांना तसेच ठेवून तुलना करायची, असली चाचणी त्या छावणीत माणुसकीला धरून झाली नसती. पण आले किती, गेले किती, याचा हिशेब होता. अनेक तज्ज्ञांना ही गोष्ट पटेना. शिरेतून देण्याऐवजी तोंडाने पाजणे हा दुय्यम दर्जाचा उपचार, असेच पुष्कळांचे मत होते. तरीही लेख १९७३ साली प्रसिद्ध झाला.

जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांनी ही गोष्ट संघटनेत लावून धरली. १९७८ साली संघटनेने जुलाबाच्या रोगांविरुद्ध जागतिक कार्यक्रम सुरू केला आणि हे पाणी त्याचा कणा ठरले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यात डॉ. चटर्जींचा लेख दुर्लक्षित राहिला त्याच 'लॅन्सेट'ने १९७८ साली लिहिले की हा विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. आजवर या पाण्याने पाच कोटींहून अधिक जीव वाचले असावेत असा अंदाज सांगितला जातो. डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्यांच्या हयातीत आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले होते?

बांगलादेशातला मीठ-गूळ

या हकिगतीचा पुढचा भाग गुळाचा आहे, म्हणून आपल्याला जवळचा. स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात खेड्यापाड्यांत पुड्या पोहोचवणे कठीण होते आणि साखर महाग होती. गूळ मात्र घरोघर असे. फझले हसन अबेद यांच्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे बायकांना घरोघरी पाठवून आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत ही शिकवण गेली.

त्यांची तपासणीची रीत शिकण्यासारखी आहे. शिकवणारी बाई किती घरे फिरली यावर तिचा पगार नव्हता. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्याच आईला विचारी, पाणी करून दाखवायला सांगे, त्याचा नमुनाही तपासला जाई. आईच्या ध्यानात किती राहिले यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे.

तरी सुरुवातीला घोटाळा निघाला. आयांना कृती पाठ होती, पण घरात जुलाब झाले की फार थोड्या जणी ते पाणी करत. शोध घेतला तेव्हा कळले की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, त्यांच्या घरी गोळ्या-औषधे चालत. मग त्यांना ढाक्याला नेऊन हे पाणी अंगात कसे काम करते ते समजावून दिले. पुरुषांनाही यातून वगळले होते, म्हणून बाजारात, मशिदीत, गावच्या बैठकीत पुरुषांशी बोलणे सुरू केले. मग वापर वाढला. म्हणूनच आम्ही वर बैलजोडीचे उदाहरण देऊन कारण समजावले. नुसती कृती कागदावर राहते. कारण पटले की हात चालतो.

आपल्याकडे काय चालते?

गटावर फिरताना आम्हांला तीन गोष्टी वारंवार दिसतात.

एक, जुलाब लागले की 'पाणी बंद करा, पोटाला आराम द्या' असे घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी सांगतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण हा सल्ला उलटा आहे. पाणी बंद केल्याने जुलाब थांबत नाहीत, फक्त अंगातले पाणी लवकर संपते.

दोन, सलाईनचा हट्ट. पिता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या रोग्यालाही 'डॉक्टर, एक बाटली लावाच' असा आग्रह होतो. पैसे जातात ते वेगळेच. जो रोगी पिऊ शकतो त्याला तोंडाने दिलेले पाणी तितकेच लागू पडते. सलाईन राखून ठेवायचे ते ज्याला पिता येत नाही किंवा जो फार गळाला आहे त्याच्यासाठी. तिथे मात्र एक मिनिटही दवडू नये.

तीन, दुकानातल्या रंगीत बाटल्या आणि डबे. पुष्कळ वर्षे काही गोड पेयांवर 'ओ.आर.एस.' ही अक्षरे छापून ती विकली गेली. त्यांत साखर ठरलेल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकहाती झुंज दिली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर ही अक्षरे वापरायला मनाई केली. तेव्हा आजारी लेकराला फळांच्या चवीचे पेय, थंड पेय, नुसते ग्लुकोज पावडरचे पाणी देऊन 'ओ.आर.एस. दिले' असे समाधान मानू नये. आपण साखर कारखान्याचे सभासद आहोत. साखर जास्त खपावी असे आपल्याला वाटणारच. पण या पाण्यात ती सहा चमच्यांहून जास्त नको, हे आपणच ठामपणे सांगितले पाहिजे.

कृती : कापून भिंतीला लावावी

१) पुडी मिळत असेल तर पुडीच वापरावी. आशाताईंकडे, उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये प्रमाण सुधारले. आताच्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियमचा क्षार व सायट्रेट असते.

२) पुडीवर किती पाण्यात घालायची ते वाचावे. एक लिटरची पुडी वेगळी, २०० मिलिलिटरची वेगळी. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घालणे धोक्याचे. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असेही करू नये.

३) पुडी नसेल तर घरी करावे. एक लिटर स्वच्छ पाणी, उकळून गार केलेले असल्यास उत्तम. त्यात चहाच्या चमच्याने सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट, शिगोशीग नको. चाखून पाहावे. डोळ्यांतल्या पाण्याहून जास्त खारट लागले तर ते ओतून देऊन नवे करावे.

४) केलेले पाणी झाकून ठेवावे. चोवीस तासांनंतर उरले तर टाकून द्यावे.

५) दोन वर्षांखालील मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. मोठ्या माणसाने तहान असेल तितके प्यावे.

६) उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी हळू पाजावे. एकदम पेला तोंडाला लावू नये. नव्या लागणीला आपण आंबवणी-चिंबवणी बेताने देतो, पाट फोडून लोंढा सोडत नाही. तसेच हे.

७) अंगावरचे दूध चालू ठेवावे. भाताची पेज, ताक, मऊ भात, केळे, मुलाला खावेसे वाटेल ते द्यावे. उपाशी ठेवू नये.

८) मुलाला झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सांगण्याप्रमाणे १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत.

९) पुढीलपैकी काहीही दिसले तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा : डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, मूल सुस्त किंवा बेशुद्ध, पिता येत नाही, उलट्या थांबतच नाहीत, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त, जोराचा ताप. दोन महिन्यांखालचे मूल असेल तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

कोपीवरचे पाणी

आता शेवटची गोष्ट, आणि ती सभासदांनीच करायची आहे. पाजण्याचे पाणी हा साथ आल्यानंतरचा उपाय झाला. साथ येऊ नये याची किल्ली विहिरीवर आणि पाइपलाइनीवर आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

टोळी आपल्या शिवारात उतरते तेव्हा ती पिण्याचे पाणी कुठून घेते, हे आपण विचारतो का? बहुतेक वेळा पाटाचे, नाहीतर शेततळ्याचे. ज्यांच्या कोयत्याने आपला ऊस वेळेवर कारखान्यात पोहोचतो त्यांची लेकरे पाटाचे पाणी पितात आणि आपण गावच्या नळाचे. याचा विचार व्हावा. मुकादमाला दोष देऊन हे सुटत नाही. कारण पाणी त्याच्या मालकीचे नाही.

म्हणून आमची विनंती अशी. ज्या सभासदाच्या रानाजवळ कोप्या पडतील त्याने बोअरचा किंवा नळाचा एक तोटा त्यांना पिण्यासाठी मोकळा ठेवावा. विहिरीत ग्रामपंचायतीकडून टी.सी.एल. टाकून घ्यावे. कोप्या विहिरीच्या व ओढ्याच्या वरच्या अंगाला पडू देऊ नयेत. शौचाची जागा पाण्यापासून लांब ठरवून द्यावी. टोळी आल्याची खबर आशाताईंना किंवा उपकेंद्राला त्याच दिवशी द्यावी. आणि प्रत्येक टोळीतल्या निदान दोन बायांना ही कृती समोर करून दाखवावी. त्यांच्याकडून करवून घ्यावी, नुसती सांगून निघू नये. आमचे गट कर्मचारी आणि चिटबॉय तोडणीच्या चिठ्ठ्या घेऊन फिरतात. त्यांनाही आम्ही हे काम सांगितले आहे. पण आठ दिवसांतून एकदा येणाऱ्या माणसापेक्षा रोज रानात जाणारा सभासदच इथे जास्त उपयोगी.

जगात अजूनही दर वर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले जुलाबाने दगावतात. औषध माहीत आहे, स्वस्त आहे, त्यातला मुख्य जिन्नस आपणच पिकवतो. उणीव आहे ती वेळेवर पेला पुढे करणाऱ्या हाताची. बनगावला तो हात निर्वासित आयांचा होता. आपल्या शिवारात तो आपला असावा.

कळावे,

ऊस विकास अधिकारी
(शेती विभाग)